समतेचा पहिला बाक

आमच्या शाळेत समता शिकवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी मोबाईलचा स्टँड विकत आणला. मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं, म्हणणं असं की मुलांना नागरी हक्कांवरचा माहितीपट दाखवायचा, प्रत्येकाने त्यावर कॅमेऱ्यासमोर चार शब्द बोलायचे आणि तो व्हिडिओ शाळेच्या वेबसाइटवर टाकायचा. समता मनात उतरते की नाही ते पुढचं पुढे, आधी ती नीट दिसली पाहिजे. नागरिकशास्त्र मी शिकवते, त्यामुळे हे लोढणं माझ्याच गळ्यात पडलं.

आमच्याकडे वर्ग गुणांप्रमाणे बसतो. हुशार पुढे, ढ मागे. चाचणीचा निकाल लागला की सगळे दप्तरं उचलून आपापल्या लायकीच्या बाकावर जातात. मोठ्या बाई याला प्रोत्साहन म्हणतात.

माहितीपट होता अमेरिकेत कातडीच्या रंगामुळे बसमध्ये मागेच बसावं लागणाऱ्या माणसांचा. पुढच्या बाकांनी तो डोळे भरून पाहिला, मागच्यांच्या वाट्याला पुढच्यांची डोकी आली. मग पहिल्या नंबरच्या मुलाने कॅमेऱ्यात बघून घडाघडा सांगितलं, "कुणालाही मागे बसवणं हा माणुसकीला कलंक आहे." मागचा अख्खा वर्ग माना डोलावत होता. मी गंभीर चेहऱ्याने "छान" म्हटलं. पगार त्याचाच मिळतो मला.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून खारूताईचा हात वर आला. चणीने एवढीशी, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. गेल्या वर्षी ती गणितात काठावर सुटली होती. यंदा नापास झाली तर शाळा बंद, असं तिच्या वडिलांनी पालकसभेत मला तोंडावर सांगितलं होतं.

"बाई, मला सिनेमा नुसता ऐकू आला," ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली. "फळाही तिथून दिसत नाही. म्हणून गणितं चुकतात, आणि चुकतात म्हणून परत मागे. त्या बसमधली माणसं निदान आपल्या थांब्यावर उतरायची तरी."

मोठ्या बाईंनी हे पाहिलं तेव्हा वाटलं, आता माझी धडगत नाही. पण बाई मुरलेल्या. "अहो, हे तर सोनं आहे," त्या म्हणाल्या. "फक्त शेवट नवा घ्या. तिला पहिल्या बाकावर बसवा आणि म्हणू दे की शाळेने मला पुढे आणलं, आता आम्ही सगळे समान आहोत."

"मग तिला कायमचंच पुढे बसवू या ना."

"शूटिंगपुरतं. हुशार मुलांवर अन्याय नको."

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा करून मी खारूताईला पहिल्या बाकावर बसवलं. फळ्याकडे पाठ करून मोबाईल लावला. मोठ्या बाई जातीने हजर होत्या.

"शाळेने मला... शाळेने मला मागे..." ती अडखळली.

पुन्हा घेतलं. या खेपेला ती 'समान' विसरली. डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे.

"कॅमेऱ्यात बघ गं," मोठ्या बाई वैतागल्या. मग फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "उगाच नाही ही मुलं मागे बसत. तुम्ही आटपा, मी बाहेर आहे." त्या व्हरांड्यात जाऊन फोनवर बोलू लागल्या.

खारूताईचे ओठ हलत होते, पण माझ्याशी नव्हे. एक हात बाकाखाली होता. मी मागे वळून पाहिलं. आधीच्या तासाची गणितं सरांनी फळ्यावर तशीच सोडली होती, पायरी न् पायरी. सुट्टी संपली की पुसली जाणार होती.

मला संताप आला. मोठ्या बाईंचा आला, स्टँडचा आला आणि त्यामागे शहाण्यासारख्या उभ्या असलेल्या माझाही आला.

"किती राहिलंय?" मी विचारलं.

ती दचकली. "शेवटची दोन, बाई."

मी स्टँड उचलून बाजूला ठेवला आणि फळ्यासमोरून सरकले.

"झालं का हो?" बाहेरून आवाज आला.

"एकदा परत घेतेय," मी ओरडून सांगितलं. खारूताईने वही वर काढली. भराभरा लिहिता लिहिता, व्हरांड्यापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता ती म्हणाली, "शाळेने मला पुढे आणलं. आता आम्ही सगळे समान आहोत."