खिडकीचं भाडं

"बाबा, तुम्ही नक्की काम काय करता?"

हे मी विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. हल्ली मला कुणी 'तुला नाही जमणार' म्हटलं की अंगात येतं. विचारलं. तेही सगळे जेवायला बसलेले असताना.

आईचा डाव हवेतच थांबला. बाबा शांत. "मी लोकांना छप्पर देतो."

"छप्पर तर गवंड्याने दिलं!"

"आणि गवंड्याला पैसे कुणी दिले? तरुणपणी परमुलखात राबून उभी केलीय मी ही इमारत. नळ फुटला की कुणाच्या नावाने ओरडतात सगळे?"

"जीभ फारच चालायला लागलीय हिची," आई म्हणाली, पण हसली. मीही हसले. पैज जिंकले होते ना!

दुसऱ्या दिवशी कोपरात फाटलेला स्वेटर घेऊन उड्या मारत तळमजल्यावर गेले. तिथे आमची भाडेकरू रफूवाली मावशी. तिने रफू केलं की भोक कुठे होतं ते शोधून दाखवावं! मावशी खोक्यात रिळं भरत होती.

"कुठे निघालीस गं?"

"खोली सोडतेय. दातांचा डॉक्टर येणार इथे. दुप्पट भाडं देतोय तो. मला कुठलं परवडायला?"

"पण या खोलीत असं काय आहे एवढं?"

तिने भिंतभर पसरलेल्या खिडकीकडे बोट दाखवलं. "इथे नुसती भिंत होती. रफूला उजेड लागतो, म्हणून तुझ्या बाबांना विचारून मीच पदरचे पैसे घालून भिंत फोडून ही बसवून घेतली. डॉक्टरला नेमकी तीच आवडली बघ." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

संध्याकाळी बाबांना गाठलं. "खिडकी तिची, मग तिचंच भाडं वाढवता?"

"भिंत माझी होती," बाबा म्हणाले. आवाजही चढवला नाही. "ती आजारी होती तेव्हा कित्येक महिने मी भाडं मागितलं नाही, ते नाही कुणी विचारत. इमारतीचं कर्ज अजून फिटायचंय. तुझी फी कुठून येते?"

ते खोटं बोलत नव्हते, हेच जास्त लागलं.

मावशीची नवी खोली मागच्या बोळात आहे. आज शाळा सुटल्यावर गेले, तर उन्हं असूनही आत दिवा. एक गिऱ्हाईक बाई कोट घेऊन दारात उभी होती. कोट गडद निळा, रफूचा धागा काळा. बाहेरच्या उजेडात ते रफू डागासारखं उठून दिसत होतं.

"हे उसवून नीट करून ठेवा. पुढच्या वेळी दुसरीकडे बघते मी," कोट टाकून बाई निघून गेली.

"दिव्याखाली दोन्ही एकसारखेच दिसतात गं," मावशी मला म्हणाली, आणि डोळ्यांजवळ धरून एकेक टाका उसवायला लागली.

घरी आई-बाबा भाजी निवडत बसले होते. मी चपलाही काढल्या नाहीत.

"उद्यापासून मी शाळेत असेन तेव्हा मावशी माझ्या खोलीत काम करत बसेल. खिडकीपाशी. भाडं घ्यायचं नाही. तिला सांगायलाच निघालेय मी. नाही म्हणायचं असेल तर माझ्याबरोबर चला आणि तिच्या तोंडावर सांगा."