नवरदेवाच्या गालांवरचं दही

लग्नाच्या दिवशी सकाळी ओश शहरातल्या तालगातने घाईघाईत, वस्तरा उलटा फिरवत दाढी केली. गाल लालबुंद झाले आणि त्यांची नुसती आग आग व्हायला लागली. जाझगुलवहिनीने थंडगार दही आणून त्याच्या तोंडभर थापलं.

"भावोजी, आता हलायचं नाही हं!"

तेवढ्यात होणारे सासरे दारात हजर! तालगातला कुठे तोंड लपवू असं झालं.

"आमच्याकडे नवरदेव दही लावूनच सासऱ्यांना भेटतो," वहिनी बिनदिक्कत म्हणाली. "सासरेही लावतात."

सासऱ्यांनी दोन बोटं दही गालांना लावलं. त्यांचीही दाढी नुकतीच झाली होती. डोळे मिटून ते म्हणाले, "फार चांगली रीत आहे, पोरी. अजून आहे का?"