आजींची पितळी सवत

मित्रांनो, रस्ता चुकला की माणसे आधी एकमेकांकडे पाहतात, मग आकाशाकडे, आणि अगदीच निरुपाय झाला की माझ्याकडे. मी एक जुने होकायंत्र आहे. पितळेची डबी, डबीत दिशांची चकती, चकतीच्या मध्यावर एक टोकदार खुंटी आणि त्या खुंटीवर तोललेली पोलादाची सुई, एवढाच माझा संसार. सुईचे एक टोक लाल आहे. ते उत्तरेकडे राहावे, अशी माझ्याकडून अपेक्षा असते.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात, खिडकीजवळच्या बाकावर झाला. कारागिराने माझी सुई लालभडक तापवून पाण्यात विझवली आणि मग एका जाड चुंबकावरून एकाच दिशेने पुन्हा पुन्हा ओढली. तेव्हा कुठे तिच्यात चुंबकत्व आले. ही बाब नीट लक्षात घ्या. उत्तर मला जन्मतः ठाऊक नव्हती. ती माझ्यात बाहेरून घातली गेली. जे बाहेरून घालता येते ते बाहेरून बदलताही येते. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला मात्र फार वर्षे लागली.

माझे पहिले धनी जमिनी मोजणारे भूमापक होते. मोजणीला उभे राहण्यापूर्वी ते खिशातला चाकू, किल्ल्या, कमरेचा पट्टासुद्धा काढून दूर ठेवत. लोखंड जवळ असले की माझी सुई चळते, हे त्यांना पक्के माहीत होते. घरी आल्यावर ते मला मऊ फडक्याने पुसत. त्यांच्या पत्नीला हे कौतुक मुळीच सोसत नसे.

“माझ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलंत का हो?” त्या विचारत. “सवत आणून ठेवलीय घरात. आणि तीसुद्धा पितळेची!”

भूमापक हसत आणि माझे झाकण लावत. पुढे ते वारले. मी कपाटाच्या खणात, रिकाम्या रिळांच्या आणि सुट्या बटणांच्या संगतीत पडून राहिले. कोणी विचारीना, कोणी पुसेना. शेवटी त्यांची सून मला शाळेत घेऊन गेली. ती विज्ञान शिकवायची. सारे गाव तिला ‘बाई’ म्हणायचे. वर्गात मुले माझ्याभोवती गर्दी करत. उतारवयात असे दिवस लाभले, यात मी समाधानी होते.

बाई चर्चला जात, परंतु प्रार्थनेच्या वेळी त्यांचे डोळे उघडे असत. मी त्याविषयी मत देणार नाही. मला पृथ्वीचे चुंबकत्व कळते. त्यापलीकडचा प्रांत माझा नव्हे. चर्चच्या फादरांनी मात्र ते बरोबर हेरले होते. त्यांनी परदेशातल्या एका डोंगरमाथ्यावरील तीर्थस्थानाची यात्रा ठरवली होती. निघायच्या तोंडावर ते पायरीवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. त्यांनी बाईंना बोलावले.

“यात्रेच्या पुढे तू चाल,” ते म्हणाले.

“फादर, मी? अहो, मला अर्धी गाणीसुद्धा येत नाहीत.”

“गायला मंडळी आहेत. डोळे उघडे ठेवणारं माणूस मला पुढे हवंय. सगळ्यांना सुखरूप परत आण, बाकीचं देव बघेल.”

बाईंनी होकार दिला तो मुख्यतः सासूबाईंसाठी. मला सवत म्हणणाऱ्या त्या आता चर्चमधल्या सगळ्यांच्या ‘आजी’ झाल्या होत्या. छाती अधू, दम लागायचा. पण नवऱ्याच्या आजारपणात त्या डोंगरावर चालत येण्याचा नवस त्या बोलल्या होत्या, आणि तो फेडल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, असा त्यांचा हट्ट होता.

त्या दिवसापासून बाईंना काळजी लागली ती गेलीच नाही. माझी दोरी त्यांनी गळ्यात अडकवली, म्हणून मला ते नीट ठाऊक आहे. त्यांच्या छातीची धडधड माझ्या झाकणावर आपटत असे. विमानतळावर त्या मागे वळून वळून डोकी मोजत. उपाहारगृहात घास तोंडात घालण्याआधी आजींचे औषध तपासत. कोणी दोन पावले मागे राहिले की त्यांचा चेहरा उतरत असे.

आता बिल्ल्याविषयी सांगितले पाहिजे. दर यात्रेला मंडळी छातीवर चर्चचा बिल्ला लावत. पूर्वी तो टाचणीचा असे. यंदा गायनवृंदातल्या बायकांनी ठराव केला, की चांगल्या कपड्यांना भोके पडतात, तेव्हा नवे बिल्ले आणावेत. ते आले. बाहेरून प्लास्टिकची पांढरी पट्टी, तिच्यावर कबुतर. आणि कपड्याच्या आतल्या बाजूने तिला धरून ठेवणारी एक चपटी, काळी, छोटीशी चकती. ती चकती म्हणजे अत्यंत जोरकस चुंबक होता. गायनमास्तरांच्या पत्नीने तो बाईंच्या स्वेटरला स्वतःच्या हाताने लावून दिला. बाईंनी किल्ल्या पिशवीत ठेवल्या होत्या, चाकू घेतलाच नव्हता. प्लास्टिकच्या कबुतराचा संशय त्यांना आला नाही.

मी त्या कबुतरावर टेकून होते. बसमध्ये, चर्चच्या बाकांवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. माझी सुई जुन्या पोलादाची. तिचा स्वभाव आधीच थोडा मवाळ झालेला. झाकण मिटलेले असल्याने कोणी पाहत नव्हते, आणि शहरांतून वाटाड्या पुढे असल्याने कोणी विचारतही नव्हते.

अखेरचा टप्पा डोंगरपठारावरून पायी होता. दक्षिणेकडून निघायचे आणि पठाराच्या उत्तर टोकाला पोचायचे, तिथे तीर्थस्थान आणि त्याला लागून यात्रीनिवास. सामान आणि वाटाड्या गाडीने पुढे गेले. वाट सोपी होती, दर थोड्या अंतरावर रंगवलेले दगड होते. आजी गायनमास्तरांचा हात धरून, अधूनमधून टेकत, पण टेचात चालत होत्या.

“आजी, दमलात तर सांगा हं.”

“मास्तर, तुमचा सूर लागेपर्यंत माझा दम टिकेल. मग बघू.”

पठाराच्या मध्यावर रंगीत दगड संपले, नुसते गवत उरले, आणि पाहता पाहता धुके उतरले. ते आले तेव्हा मंडळींनी जे केले ते त्यांच्या रीतीला धरूनच होते. संकट दिसले की ही मंडळी हात धरून गोल उभी राहतात. तशी ती राहिली. डोळे मिटून प्रार्थना झाली, गाणे झाले, गाता गाता रिंगण थोडे सरकले, थोडे फिरले. ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले तेव्हा प्रत्येकाचे तोंड आत होते आणि भोवती सगळीकडे सारखाच पांढरा पडदा होता. आपण कोणत्या बाजूने आलो, हे एकालाही सांगता येईना. ज्यांचे डोळे उघडे होते त्या बाईसुद्धा आजींच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

कारण आजींना धाप लागली होती.

“आई, पंप कुठाय तुमचा?”

“पिशवीत.”

“आणि पिशवी?”

गायनमास्तरांचा चेहरा पडला. “बाई, मी... त्यांना ओझं नको म्हणून गाडीत टाकली हो.”

श्वासाचा पंप यात्रीनिवासात पोचला होता आणि श्वास इथे अडत होता. फोनला रेंज नव्हती. परदेशात आल्यापासून ते फोटोंपुरतेच उरले होते. धुक्याचा गारठा वाढत होता आणि उजेड हळूहळू उतरत होता. बाईंनी मला गळ्यातून काढले, नियमाप्रमाणे हात लांब करून, पातळीत धरून झाकण उघडले.

माझी सुई थोडी फिरली आणि थांबली. ठामपणे थांबली. ती थरथरली असती तर बाईंना शंका आली असती. पण माझ्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. मला उत्तर अगदी स्वच्छ जाणवत होती.

“इकडे,” बाई म्हणाल्या.

प्रत्येकाने पुढच्याच्या पिशवीचा बंद धरला आणि रांग निघाली. मित्रांनो, तशी वाटचाल मी पुन्हा अनुभवू इच्छित नाही. आजींच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि तो थांबला की सगळी रांग थांबून कान देत असे. बाई पुन्हा पुन्हा मला विचारत, मी पुन्हा पुन्हा तेच सांगत असे.

पुढे पाण्याचा आवाज आला आणि धुक्यातून एक लहानसे दगडी चॅपेल वर आले. मंडळींना हायसे वाटले. नकाशावर यात्रीनिवासाच्या अलीकडे एक चॅपेल होतेच. “पोचलो, पोचलो!” गायनमास्तर म्हणाले. दार नुसते लोटलेले होते. सगळे आत शिरले, आजींना बाकावर बसवले, अंगावर जमतील तेवढे कोट घातले.

आजींनी वेदीकडे पाहिले आणि धापा टाकत विचारले, “अगं, ती खिडकी कुठल्या दिशेला?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. “पश्चिमेला, आई.”

“वेदीमागची खिडकी? मावळतीला?” आजींनी मान हलवली. “आठवडाभर त्या वाटाड्यानं डोकं उठवलंय की, या देशातल्या जुन्या देवळांत वेदी उगवतीला असते. रोज सकाळी प्रार्थनेला आपल्याच डोळ्यांवर ऊन येत होतं ना? ही सवत काहीतरी भलतंच सांगतेय.”

“आई, हे बाबांचं होकायंत्र आहे. ते कधी चुकलं नाही.”

“माणसंसुद्धा चुकत नाहीत गं. चुकेपर्यंत.”

बाई उठून दाराशी गेल्या. त्यांच्यापुढचा पेच सोपा नव्हता. एका बाजूला बांधकामाचा रिवाज, आणि रिवाजाला अपवाद असतात. दुसऱ्या बाजूला उपकरण, आणि उपकरण सासऱ्यांच्या हातचे. चुकीच्या बाजूने निघालो तर आजी काळोख पडण्याआधी पंपापर्यंत पोचणार नाहीत, हे उघड होते. आणि इथेच थांबलो तरीही नाहीत.

त्यांनी तिसरा साक्षीदार शोधला. चॅपेलच्या भिंतीलगत ओढा वाहत होता. त्यांनी नकाशा गुडघ्यावर उलगडला. पठारावर ओढा एकच होता. तो यात्रीनिवासाच्या अंगणाजवळ उगम पावून दक्षिणेकडे उतरत होता. आणि दक्षिणेला, वाटेपासून बराच आडबाजूला, त्याच्या काठी आणखी एक चॅपेल दाखवलेले होते. बाईंनी पाण्यात गवताची काडी टाकली. माझ्या म्हणण्याप्रमाणे ती काडी उत्तरेकडे निघाली.

“पाणी नकाशा वाचत नाही,” बाई स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनी मला पुन्हा छातीशी धरले, आणि माझी सुई बिल्ल्याकडे झेपावली.

स्वेटरच्या आतून त्यांनी ती काळी चकती काढली, बिल्ला दूरच्या दगडावर ठेवला, परत आल्या आणि मला पाहिले. लाल टोक अजूनही ओढ्याच्या उताराकडेच होते. तेवढ्या दिवसांच्या सहवासाने कबुतराने माझी सुई नुसती चळवली नव्हती, पुरती पालटून टाकली होती. माझी उत्तर आता दक्षिण होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

बाई आत आल्या. सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

“मी तुम्हाला नेमकं उलट्या बाजूला आणलंय,” त्या म्हणाल्या. “होकायंत्र उलटलंय. आता ओढ्याच्या काठाकाठानं, पाण्याच्या विरुद्ध जायचं. ओढा यात्रीनिवासापाशीच निघतो.”

“नक्की?” कोणीतरी विचारले.

“ओढा आणि वेदी एकच सांगतायत. याहून नक्की माझ्याकडे काही नाही.”

गायनमास्तरांनी आजींना पाठीवर घेतले. “आजी, गळा नका आवळू हं, उद्या गायचंय.”

“गाऊ नको म्हणून तर आवळतेय,” आजी कशाबशा म्हणाल्या. तेवढ्यानेही रांगेत जीव आला.

पाण्याचा आवाज डाव्या हाताला ठेवत, ठेचकाळत, बूट भिजवत मंडळी चालली. मध्येच आजी बोलायच्या थांबल्या. बाईंनी त्यांचा हात धरला तो सोडला नाही. नाडी हाताला लागते आहे, एवढ्यावर त्या पावले टाकत होत्या. धुके निळसर होऊन काळवंडू लागले तेव्हा कुठे पुढे एक पिवळी खिडकी दिसली. बाई धावल्या. पंप आजींच्या तोंडाशी लागला. पहिला श्वास अडखळला, दुसरा गेला, तिसऱ्याला आजींनी डोळे उघडले आणि सुनेकडे पाहून विचारले, “माझा नवस चालत यायचा होता. पाठीवरचा धरतात का गं?”

बाई हसल्या नाहीत. भिंतीला टेकून त्या पहिल्यांदाच रडल्या.

घरी परतल्यावर प्लास्टरमधल्या फादरांपुढे बाईंनी सारा वृत्तान्त काहीही न लपवता मांडला आणि म्हणाल्या, “पुढच्या वर्षी दुसरं कोणी बघा.” आजी शेजारीच होत्या. “काही नको,” त्यांनी फादरांना बजावले. “हिलाच पाठवा. हिला चुकल्यावर वळता येतं. पुष्कळांना नुसतं पुढे जाता येतं.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या उपकरणांना जपा. आम्हाला चुंबकाच्या शेजारी ठेवू नका, आणि वर्षानुवर्षे विश्वास ठेवला म्हणून तपासायचे सोडू नका. ज्याची सुई थरथरते त्याला माणसे तपासतात. जी ठाम उभी असते तिला मात्र कोणी विचारत नाही.

बाईंनी शाळेतल्या चुंबकाने माझी सुई पुन्हा सरळ केली. दुपारच्या सावलीशी आणि रात्रीच्या ध्रुवाशी ताडून पाहिली. आता मी बरोबर उत्तर दाखवते, असे त्या म्हणतात. मलाही अगदी तसेच वाटते. पण त्या धुक्यातही मला असेच वाटत होते.