वाळ्यांचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. धान्य तोलणारा नव्हे, लेकरं तोलणारा. वर गोल तबकडी, खाली लोखंडी आकडा आणि आकड्याला कापडी झोळी. मित्रांनो, मी कधी खोटं वजन दाखवलं नाही, हे मी आजही ताठ मानेने सांगतो.

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात एका मदत संस्थेने मला जालन्याकडच्या टेंभुर्णी गावाला पाठवलं. तिथे अशक्त लेकरांना रोज खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू मिळे. केंद्र चालवणाऱ्या झुंबरबाईंनी मला लिंबाच्या फांदीला टांगलं. संस्थेची रीत सरळ होती. लेकरं सुरुवातीला तोलायची, तीन महिन्यांनी पुन्हा तोलायची आणि किलोभर वजन वाढायला किती खर्च आला ते पाहायचं. खर्च फार दिसला, तर केंद्र दुसऱ्या गावी हलवायचं. पैसा थोडा होता आणि उपाशी गावं पुष्कळ होती.

तीन महिन्यांनी संस्थेच्या नवीन जालन्यातल्या कचेरीतून हिशेब पाहणारे काकासाहेब आले. त्यांनी लेकरं तोलली आणि वहीतल्या पहिल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. वजन जेमतेम वाढलं होतं.

"एवढ्या खर्चात दुसरीकडं दुप्पट लेकरं सावरतील, बाई. केंद्र हलवावं लागंल."

झुंबरबाईंनी परोपरीने सांगितलं, की उठून बसायचंही त्राण नसलेली लेकरं आता अंगणभर पळतात. कुणी म्हणालं, काटाच बिघडला असेल. ते माझ्या फार जिव्हारी लागलं.

तेवढ्यात गावातल्या रहिमुन्निसाने आपल्या लेकाला, अजमतला, झोळीतून उचललं. "काट्याला कायला बोलून राह्यले, साहेब? पहिल्या बारीला आम्ही लेकरं नटवून आणल्ती. आज उघडीच हायेत."

"नटवून कशाला?"

"लेकरू तोलतेत ते नवसाला, गुळाच्या भारानं. तव्हा सजवतेतच की. तुम्ही तोलायला बोलावलं, पर गूळ काही दिला न्हाई."

बायका हसल्या. झुंबरबाई मात्र हसल्या नाहीत. चांदीचे वाळे, तोडे, करदोडे घातलेली लेकरं त्यांनीच कौतुकाने झोळीत ठेवली होती.

काकासाहेबांनी घरोघरचे ते दागिने मागवले आणि एकेका लेकराची नुसती चांदी झोळीत ठेवली. माझा काटा सरकला. पहिल्या वजनातून तेवढं वजा केल्यावर लेकरांची खरी वाढ दिसली आणि किलोमागचा खर्च निम्म्यावर आला. केंद्र पुढच्या सुगीपर्यंत तिथेच चाललं.

आता मी त्याच गावच्या अंगणवाडीच्या कोपऱ्यात असतो. तबकडीवर धूळ बसते, झोळी कडेला थोडी उसवली आहे. मला अधूनमधून पुसत जा, मित्रांनो. मी आकडा बरोबर सांगेन. तो कशाचा आहे, ते तुम्ही पाहत जा.

परवा अजमत आपल्या मुलीला घेऊन आला होता. तिला झोळीत ठेवण्याआधी त्याने खाली बसून तिचे वाळे काढले.