लाल आणि हिरवे क्लॅम्प

"अजून वाळलं न्हाई," महंमदने फोनवर सांगितले.

पलीकडून वीरधवल बोलतच राहिला. नव्या घराची वास्तुशांती तोंडावर आली होती, मुख्य दाराच्या जागी अजून पत्रा होता, पाहुण्यांनी काय पत्रा सरकवून आत यायचे का. महंमदने सगळे ऐकून घेतले आणि हवा दमट आहे म्हणाला. कोरेगावात त्या आठवड्यात असे ऊन पडत होते की सकाळी वाळत घातलेल्या मिरच्या दुपारी हातात चुरत होत्या.

दार समोर टेबलावर आडवे होते. सागवानाच्या रुंद फळ्या, त्यांच्या सांध्यांत सरस, आणि त्यांना आवळून धरणारे क्लॅम्प. हिरवा, लाल, हिरवा, लाल.

सरस एका रात्रीत वाळतो. हे दार आवळले त्यानंतर नाथाजीचे तेरावेसुद्धा होऊन गेले होते.

लाल क्लॅम्प नाथाजीचे.

हिरवे महंमदचे, पुण्याच्या कंपनीचे, स्क्रूला बारीक आटे असलेले. लाल सांगलीच्या बाजारातले, मोठ्या आट्यांचे. दोघांची दुकाने रस्त्याच्या दोन बाजूंना. रुंद काम आले की एकाचे क्लॅम्प पुरत नसत, मग मिसळायचे. शहाणा सुतार मिसळत नाही. लाल क्लॅम्पची मूठ एकदा फिरवली की तो जेवढा आवळतो, तेवढे आवळायला हिरव्याची दोनदा फिरवावी लागते. दोन्ही सारखेच फिरवले तर ओढ कमीजास्त बसते आणि सपाट फळी पापडासारखी उचलते. म्हणून एकाने हिरव्यांपाशी उभे राहायचे, एकाने लालपाशी, समोरासमोर.

"माझं दोन झालं."

"माझा एक."

"दम. सरस वर याय लागला."

"येऊ दे की. माझा अजून पाव."

इतकी वर्षे हेच बोलणे. याखेरीज ते दोघे एकमेकांशी फारसे बोललेही नसतील.

या दाराच्या वेळी तसेच झाले. शेवटी नाथाजीने प्रत्येक लाल मुठीला आणखी एक हिसका दिला. त्याची गरज नसायची आणि तो नेहमी द्यायचा. "आता कुणाच्या बाला सुटत न्हाई गड्या," म्हणाला, आणि त्याच्या दुकानापाशी कुणीतरी येऊन उभे होते म्हणून चहा अर्धा ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचे शटर उचलताना

शटर अर्ध्यावरच राहिले. माणसे धावली. सगळ्यांत आधी महंमद.

मातीला जाऊन आल्यावर तो दार सोडायला उभा राहिला होता. लाल मुठीवर हात ठेवला.

काढला.

तेव्हापासून सरस वाळत नव्हता.

नाथाजीचा मुलगा विश्वजीत सैन्यात. रजा संपली तसा परत गेला. दुकान चालवणारे कुणी नव्हते. हरणाबाईने नवऱ्याची हत्यारे विकायला काढली, खंडाळ्याच्या एका सुताराने सगळी एकदम घ्यायचे कबूल केले. लाल क्लॅम्प तेवढे महंमदकडे अडकलेले. तिने दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा त्याने अजून वाळले नाही म्हणून कळवले. मग चहाच्या गाड्यावर बोलणे सुरू झाले की मेलेल्या माणसाचा माल पचवायला निघालाय. त्याच्या बायकोने, अकिलाने, ते मंडईत ऐकले. घरी येऊन नवऱ्यासमोर बसली, म्हणाली की या गावात आपण पैसा नाही कमावला, नाव कमावले, ते तरी राहू द्या. महंमदकडे उत्तर होते. पण ते बायकोला सांगायलासुद्धा त्याला लाज वाटत होती.

शेवटी हरणाबाई स्वतः आली. बस म्हटले तर बसली नाही. दारापाशी जाऊन सांध्यातून वर आलेल्या सरसाचा एक थेंब तिने नखाने उडवला. टच्च आवाज झाला.

"भावजी, सुताराची बायको हाय मी."

 लोक काय काय येऊन सांगतात ते तिने सांगितले. आपण त्यावर विश्वास ठेवला नाही हेही सांगितले. खंडाळ्याचा टेम्पो आज यायचा होता. त्याआधी तिला त्याच्या तोंडून ऐकायचे होते.

"नाथानं आवळल्यात हे," तो म्हणाला. "त्याच्या हातचा जोर हाय अजून ह्यात. सोडलं की गेला, वहिनी."

  मग तिने पदर खोचला आणि एक लाल मूठ धरून फिरवली. हलली नाही. दोन्ही हात लावले, अंग टाकले. हलली नाही. ती धापा टाकत थांबली आणि एकदम हसली.

"लोणच्याच्या बरणीचं झाकण बी असंच आवळायचा मेला. किती भांडले मी त्यापायी."

महंमदलाही हसू आले. ते विरल्यावर त्याने विचारले, "हाय का तशी एखादी? त्यानं लावलेली?"

"हुती की. दिवसकार्य झालं आन् शेजारणीकडनं उघडून घेतली." तिने डोळे पुसले नाहीत, हाताला लागलेला गंज पुसला. "नात जेवाय बसलेली. तिच्या भाकरीवर काय घालू मग?"

ती बाजूला झाली.

महंमद पुढे आला. पहिली मूठ करकरत सुटली, पुढच्यांना त्याला लाकडी हातोडा मारावा लागला. सुटलेला एकेक क्लॅम्प हरणाबाई उचलून बाजूला ठेवत गेली. मग त्याने हिरवे सोडले आणि दार सुटे झाले. तिने त्यावरून आडवा तळवा फिरवला, सरसाचे थेंब सोडले तर सांधा कुठे आहे ते हाताला कळले नाही.

टेम्पो आला. क्लॅम्प रस्त्यात आपटून आटे खराब होऊ नयेत म्हणून जबड्यांत लाकडाचा तुकडा धरून ते बंद करतात. महंमदने तुकडे शोधले, एकेक लाल क्लॅम्प मांडीवर घेतला आणि मूठ फिरवली. प्रत्येक वेळी शेवटी, नाथाजीसारखा आणखी एक हिसका द्यायला, त्याचे मनगट ताठ व्हायचे.

प्रत्येक वेळी त्याने हात सैल सोडला. मुठी एवढ्याच आवळल्या की खंडाळ्यात कुणालाही त्या एका हाताने सुटाव्यात.