डावीकडे सरकवलेला माइक

पिम्पाच्या पिक्चरला सेन्सॉर मंडळाने परवानगी दिली, फक्त धरणाच्या सुनावणीच्या प्रसंगातला आवाज काढायला लावला. चित्र राहू द्या म्हणाले. माणसं बँकॉकची; थायलंडच्या ईशान्येकडच्या ईसानच्या खेड्यांत पिक्चर वर्षानुवर्षं मुकेच यायचे आणि आवाज जागेवर भरला जायचा, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

भरायचा खामपन, पिम्पाचा मामा. पडद्यासमोर चटई, एकच माइक, डावीकडे बायको थोंगसाई. नायक, खलनायक, पोलीस, कुत्री तो. झाडून साऱ्या बायका ती. बँकॉकचा नायक त्याच्या तोंडून गावच्या बोलीत सरपंचाची खोडी काढायचा, जत्रा हसून लोळायची. पुढे पिक्चर आवाजासकट येऊ लागले, दोघं भातशेतीकडे वळली. मग शेत धरणात गेलं.

सुनावणीत थोंगसाई बोलली होती. भाचीने तेच शब्द पिक्चरमध्ये घातले आणि नेमके तेच गेले. थोंगसाईही आता नव्हती. तिचं बोलणं गावाला एकदा ऐकू यावं, एवढंच खामपनला हवं होतं.

देवळाच्या जत्रेत पडदा लागला. घोषणा करायला म्हणून खामपनकडे जुना माइक दिला होता. पुढे तालुक्याचे साहेब भाजलेला माकूल मासा चघळत होते. पिम्पा मामाच्या डावीकडे टेकली आणि कुजबुजली, "मामा, गप्प बसायचं हं. पुढच्या पिक्चरची परवानगी अडेल."

"मी कशाला बोलतोय? माझी कवळी घरी आहे."

सुनावणी आली. पडद्यावरचा अधिकारी नुसताच ओठ हलवू लागला. खामपनचा हात सवयीने माइककडे गेला.

"बाई, थोडक्यात बोला," अधिकारी बोळक्या तोंडाने म्हणाला. चटयांवर हशा पिकला.

मग पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं. बायकांचा आवाज खामपनला कधी जमलाच नव्हता. त्याने न बघता माइक डावीकडे सरकवला, जन्मभर सरकवला तसा.

माइक पिम्पाच्या गुडघ्याला लागला. तिने साहेबांकडे पाहिलं. मामा पडद्यावर नजर लावून वाट बघत होता.

"साहेब," ती म्हणाली, "नकाशात माझं शेत निळं रंगवलंय. रंगवायच्या आधी बघायला आला होतात का?"

या वेळी कुणी हसलं नाही.

पिक्चर संपल्यावर साहेबांनी विचारलं, त्या प्रसंगाला आवाज आला कुठून.

"पिक्चर मुकाच होता, साहेब. हुकूम पाळलाय," खामपन म्हणाला.

हुकूम पिक्चरपुरताच होता, हे साहेबांनाही नाकारता येईना. पुढच्या परवानगीचं बघू, एवढं पिम्पाला बजावून ते गेले.

"झालं, गेला माझा पुढचा पिक्चर," पिम्पा म्हणाली.

खामपन चटई गुंडाळत होता. "अर्धा शब्द उशिरा आलीस तू," तो म्हणाला. "तुझी मामीपण तश्शीच यायची."