लांडग्याची जागा

शेवटची खुंटी पिळून तिनं किल्ली बाजूला ठेवली आणि सर यायच्या आत जरा भिंतीला पाठ टेकली. सकाळपासून शाळेतले पियानो, दुपारी हॉटेलातला एक, आणि आता हे हार्पसिकॉर्ड. पोटासाठी लोकांचे पियानो सुरात लावून द्यायचे आणि हौसेपायी पियानोचा हा पणजोबा वाजवायला शिकायचा, असा तिचा दोन वर्षांचा उद्योग. हात नुसते भरून आले होते. हे खूळ अजून किती दिवस, असं नवऱ्यानं सकाळीच विचारलं होतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आज सर 'जमलं' म्हणाले नाहीत, तर गाशा गुंडाळायचा.

आता सरांनी 'जमलं' म्हणणं ही काही साधी गोष्ट नव्हती. या वाद्यावर त्यांच्या तोडीचं माणूस शोधून सापडलं नसतं, आणि शिष्याचं कौतुक करायचं म्हटलं की त्यांच्या अगदी जिवावर येई. ज्याला ते तसं म्हणत, त्याला मैफलीत त्यांच्या आधी वाजवायला मिळे. हिच्या वाट्याला आजवर आलं होतं ते एवढंच, की पियानोवाली, कणीक मळू नकोस.

सर आले, शेजारी बसले आणि नेहमीचा तुकडा वाजवायला सांगितला. तिनं सुरुवात केली. अंगठे बाजूला ठेवून, बोटावरून बोट टाकत, जुन्या वादकांच्या रीतीनं. जोर लावायचं त्राणच उरलं नव्हतं. त्यामुळेच की काय, हात आज भलताच हलका पडत होता.

मग ती जागा आली. पियानो लावताना सुरांमधली खोट सगळीकडे थोडी थोडी वाटून टाकतात, म्हणजे ती कुणालाच टोचत नाही. जुनी रीत वेगळी. बाकीच्या जोड्या गोड लावायच्या आणि उरलेली सगळी खोट एकाच जोडीच्या गळ्यात मारायची. ते दोन सूर एकत्र वाजले की अक्षरशः केकाटतात. वादक त्यांना लांडगा म्हणतात. शहाणे लोक त्या वाटेला जात नाहीत. पण हा तुकडा रचणारा बिलंदर होता, दुःखाच्या नेमक्या ठिकाणी तो लांडग्यालाच जाऊन भिडला होता. त्या जागेवर सरांचा भारी जीव. तिथं अंगावर काटा आला पाहिजे, असं ते दर वेळी बजावत.

तिनं पट्ट्या दाबल्या आणि लांडगा ओरडलाच नाही. दोन्ही सूर शहाण्या मुलांसारखे शेजारी शेजारी बसून राहिले.

तिच्या ध्यानात आलं. दिवसभर पियानो लावलेल्या हातांनी पेंगतापेंगता हेही वाद्य पियानोसारखंच लावून ठेवलं होतं. नवशिक्यानंही करू नये अशी चूक. आता आपली धडगत नाही, म्हणत तिनं तुकडा कसाबसा संपवला.

 सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"जमलं," ते म्हणाले. "ती जागा ऐकलीस? अंगावर काटा आला माझ्या. मैफलीत पहिली तू."

थट्टा असेल म्हणून ती थांबली. पण सर थट्टा करत नव्हते. त्यांची नजर तिच्या बोटांवर होती, आणि वाजवत असतानाही ती तिथंच होती हे तिला आत्ता आठवलं. दोन वर्षं ज्या शब्दासाठी हाडं झिजवली तो मिळाला होता आणि त्याचं करायचं काय तेच तिला कळेना. तिला रडू आलं, आणि ते काही आनंदाचं नव्हतं. मान हलवून ती उठली.

दाराशी सरांच्या पत्नी तिचा कोट घेऊन उभ्या होत्या.

"आज स्वारी खुशीत दिसतेय. 'जमलं' म्हणाले वाटतं?"

"हो, काकू."

"मागच्या मुलालाही असंच म्हणाले होते. फार गुणी पोरगा. पण त्या दिवशी जो गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही. यांनी किती मनाला लावून घेतलं. काय बिनसलं, आम्हाला अजून कळलेलं नाही गं."

आत सरांनी स्वतः वाजवायला घेतलं होतं. तीच जागा, परत परत. काटा नाही की काही नाही, नुसती गुळमुळीत. आणि सरांच्या कानांना मात्र ते कळतच नव्हतं, ते स्वतःशीच 'वा' म्हणत होते.

तिचा एक हात कोटाच्या बाहीत तसाच राहिला.

"काकू, मैफलीच्या दिवशी मी लवकर येईन," ती म्हणाली. "वाद्य मीच लावेन. सरांना सांगा, यापुढे दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."